रस्त्यावरची खुर्ची

बर्फ पडायचा थांबला तेव्हा काझिस रिमकुसने खिडकीचा पडदा सारून बाहेर पाहिलं आणि परत येऊन पलंगावर बसला. बूट समोरच होते. ते फक्त पायांत घालायचे होते. पण तेवढ्या कामाकडेही तो बराच वेळ नुसता बघत राहिला.

"बघून बर्फ वितळत नाही," पलीकडच्या खोलीतून ओना म्हणाली.

"बघत नाहीये. बूट घालतोय."

"हे तू मघाशीही म्हणालास."

बूट घालायलाच हवे होते. उद्या मंगळवार. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ओनाला डायलिसिसला न्यायला मोठी गाडी यायची. त्या गाडीच्या बाजूला एक लोखंडी फळी होती. ती खाली आली की व्हीलचेअर तिच्यावर चढवायची. पण फळी खाली यायला गाडी फूटपाथला अगदी चिकटून उभी राहावी लागे. तशी जागा नसेल तर ड्रायव्हरने ऑफिसला फोन करायचा आणि पुढच्या माणसाकडे निघून जायचं, असा नियम होता. मागच्या हिवाळ्यात एकदा तसं झालं होतं. एक डायलिसिस चुकलं आणि ओनाच्या छातीत पाणी भरलं. त्यानंतर दवाखान्यात तिच्या उशाशी काढलेल्या रात्री काझिस अजून विसरला नव्हता. ओनाने मात्र तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं त्याला कधीकधी वाटे.

तो फावडं घेऊन बाहेर पडला. रात्री बर्फ हटवणारं यंत्र येऊन गेलं होतं आणि रस्त्यातला सगळा बर्फ त्याने दोन्ही कडांना लोटून ठेवला होता. खालचा थर दगडासारखा झाला होता. काझिस चार फावडी टाकी, थांबे, फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभा राही आणि पुन्हा चार फावडी टाकी. त्याच्या बापाने या शहरातल्या कत्तलखान्यात जन्मभर गुरांची अर्धी धडं खांद्यावरून वाहिली होती. म्हातारपणीही तो दुपारच्या आत सगळी जागा साफ करून बिअर पीत बसायचा. शिकागोत लोकांनी बर्फाबद्दल तक्रार करायची नसते, असं बाप म्हणे. काझिसने जन्मभर शाळेच्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारले होते. त्याच्या खांद्यांना ते जमत नव्हतं.

"वा!" दोन घरं सोडून टॉम डूलिंग आपल्या पायरीवरून ओरडला. "गाडी नसलेल्या माणसाची जागा गल्लीत सगळ्यांत सुंदर!"

"गाडी विकली, टॉम. जागा विकली नाही."

"मदतीला आलो असतो रे. पण हे माझं कंबरेचं हाड."

"माहीत आहे."

"नवीन बसवलंय, तरी जुन्याहून वाईट. डॉक्टर म्हणतो, सवय होईल. कुणाला? हाडाला की मला?"

डूलिंग अग्निशमन दलातून निवृत्त झालेला. त्याची बायको पेग जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या घरासमोरची जागा तो स्वतःच साफ करायचा, आणि गाडी बाहेर काढली की तिथे पेगचं इस्त्रीचं टेबल उभं करून जायचा. टेबलावरच्या कापडाची फुलं उन्हापावसाने पार फिकी पडली होती. पण गल्लीतल्या कुणी त्या टेबलाला कधी हात लावला नव्हता. ज्याने बर्फ उपसला त्याची जागा, बर्फ वितळेपर्यंत. काहीतरी ठेवून जायचं. मोडका पाळणा, रंगाचे डबे, बिनचाकांची सायकल, काहीही. ते उचलणं म्हणजे माणसाच्या ताटातला घास उचलण्यासारखं होतं. पोलिसांनी हा नियम कधी लिहिला नव्हता आणि कधी मोडलाही नव्हता.

काम संपलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. काझिसने तळघरातून खुर्ची आणली आणि जागेच्या मधोमध ठेवली.

ती खुर्ची लिथुआनियन हॉलची होती. पूर्वी चर्चच्या मागे तो हॉल होता. लग्नं, नाच, बारशी, मयतानंतरची जेवणं, सगळं तिथेच व्हायचं. लोक हळूहळू उपनगरांत गेले, चर्चला कुलूप लागलं, हॉल विकला गेला. ज्या दिवशी तो रिकामा केला त्या दिवशी उरलेल्या प्रत्येक घराने एकेक खुर्ची नेली. जाड ओकच्या लाकडाची, पाठीवर चर्चचं नाव डागून कोरलेली. वाढदिवसाला याच खुर्च्यांवर बसवून माणसाला उचलायची पद्धत होती. चौघांनी चार पाय धरायचे आणि जितकी वर्षं पुरी झाली तितक्या वेळा वर न्यायचं. ओनाच्या अठराव्या वाढदिवसाला खुर्चीचा एक पाय काझिसने धरला होता. तेराव्या-चौदाव्या वेळेला त्याचा हात सुटला आणि ती तिरकी होऊन त्याच्या अंगावर पडली. तिथून पुढचं सगळं त्या पडण्यातूनच झालं, असं ओना लोकांना सांगायची.

मंगळवारी सगळं सुरळीत झालं. ओटिस गाडी घेऊन आला. नम्र, भरदार आवाजाचा माणूस. त्याने खुर्ची उचलून बाजूला ठेवली, गाडी फूटपाथला लावली आणि म्हणाला, "मिस ओना, अशी जागा मेयरच्या बायकोलाही मिळत नाही."

"तिच्याकडे आमचा काझ नाही ना," ओना म्हणाली.

निघताना काझिसने खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली. तो नेहमी तिच्याबरोबर जायचा, यंत्राशेजारी बसून पेपर वाचायचा.

संध्याकाळी परतले तेव्हा त्या जागेत एक जुनी निळी गाडी उभी होती. खुर्ची त्यांच्या घराच्या पायरीवर होती. नीट, दाराकडे तोंड करून, बसण्याची फळीसुद्धा पुसलेली.

ओटिसने शिट्टी वाजवल्यासारखा श्वास सोडला. त्याने रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली. मागे दोन गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. नियम मोडून त्याने आणि काझिसने मिळून ओनाची व्हीलचेअर बर्फाच्या ढिगावरून अलीकडे ओढून आणली. एकदा चाक रुतलं, ती पुढे कलली आणि तिच्या तोंडून बारीकसा आवाज आला.

"हे पुन्हा मला करता येणार नाही," ओटिस घाम पुसत म्हणाला. "मनात नाही म्हणून नव्हे. ती पडली तर माझी नोकरी जाईल, आणि तिचं तर... समजून घ्या."

"समजलं," काझिस म्हणाला.

ओनाला आत निजवून तो बाहेर आला तेव्हा डूलिंग त्या निळ्या गाडीभोवती फिरत होता. आगीच्या जागी पोचल्यावर फिरत असेल तसा.

"कुणाची आहे?"

"माहीत नाही."

"शेजारच्या तळघरातल्या नव्या भाडेकरणीची. व्हेनेझुएलाची आहे, परवाच आली. खुर्ची उचलते म्हणजे काय! तुझी खुर्ची! आजारी बायकोची जागा!" डूलिंगचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या तळघरातल्या नळाला लांब पाइप लागतो. आज थंडी अशी आहे की सकाळपर्यंत काचेची गाडी होईल. पूर्वी आपण हेच करायचो. ओतू का?"

काझिसचे हात दुखत होते. पाठीतून एक कळ मांडीपर्यंत उतरत होती. आत गॅसवर सूप ठेवायचं होतं, ओनाच्या गोळ्या काढायच्या होत्या. त्याला फक्त हे बोलणं संपायला हवं होतं.

"तुला हवं ते कर, टॉम," तो म्हणाला आणि आत गेला.

सकाळी त्याने पडदा सारला. गाडी उन्हात चमकत होती. टपावरून, काचांवरून, दारांवरून बर्फाचा जाड थर चढला होता आणि खाली चाकं रस्त्याशी एकजीव झाली होती. जास्तीचं पाणी फूटपाथवरून वाहत येऊन त्यांच्या फाटकासमोर गोठलं होतं. डूलिंगने काम मन लावून केलं होतं.

ओनाने व्हीलचेअर खिडकीशी आणायला लावली. ती बराच वेळ बघत राहिली.

"सुंदर दिसतेय," ती म्हणाली.

"टॉमने केलं."

"तुला विचारून?"

"विचारलं होतं."

"मग आता ती गाडी हलणार कशी?"

काझिसने रस्त्याशी गोठलेल्या चाकांकडे पाहिलं.

"उद्या गुरुवार आहे, काझ. ओटिस कुठे उभा राहणार? तुम्हां दोघांच्या डोक्यांत मिळून एक बादली पाणी आहे. तेही गोठलेलं."

ती हसली नाही. तिचे पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे. आताच घोट्यांवर पायमोज्यांच्या कडा रुतलेल्या दिसत होत्या. काझिसने कोट घातला, मिठाची पिशवी, स्क्रू-ड्रायव्हर आणि स्वयंपाकघरातला लाकडी हातोडा घेतला आणि तो बाहेर गेला.

तो पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून ठोकत होता तेव्हा शेजारच्या तळघराच्या पायऱ्या चढून एक तरुण बाई आली. अंगात दोन स्वेटर, पायांत पातळ बूट. तिने गाडी पाहिली आणि हात तोंडावर नेला.

"देवा! सेन्योर, हे काय झालं?"

काझिस उठून उभा राहिला.

"इथे असंही होतं?" तिने इकडेतिकडे पाहिलं. "पण बाकीच्या गाड्यांना काहीच नाही. माझ्याच का? माझी गाडी जुनी आहे म्हणून?"

"नाही. पाणी पडलं."

"आकाशातून?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिने नक्कीच मानलं असतं. व्हेनेझुएलाच्या समुद्रकाठावरून आलेली ती मुलगी इथल्या आकाशाबद्दल काहीही मानायला तयार होती. पण खोटं जुळवायला लागणारं बळही काझिसकडे उरलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "पाइपातून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर पायरीवरच्या खुर्चीकडे गेली.

"खुर्चीमुळे?"

"हो."

"मी पुसून ठेवली होती ती!" तिचा आवाज चढला. "आमच्याकडे संध्याकाळी म्हातारी माणसं रस्त्यात खुर्च्या टाकून बसतात. वारा खातात. मला वाटलं, कुणीतरी आत न्यायची विसरलं. चांगली खुर्ची, बर्फात खराब होईल. म्हणून उचलून तुमच्या दारात ठेवली. आणि तुम्ही माझ्या गाडीवर पाणी ओतलंत?"

"मी ओतलं नाही. पण ओत म्हणालो."

"बेकरीत माझी कामाची वेळ झालीय. बसने गेले तर उशीर होणार. उशीर झाला तर काय होतं ते माहीत आहे तुम्हाला?"

"चुकलं," काझिस म्हणाला. "माझ्या बायकोला दवाखान्यात न्यायला गाडी येते. तिच्यासाठी जागा ठेवली होती. आता तिलाही जागा नाही."

ती काहीतरी आपल्या भाषेत पुटपुटली. ते काही आशीर्वादाचं नसावं. मग पाय आपटत बस-थांब्याकडे गेली, आणि आपटताना दोनदा घसरली.

तिचं नाव योस्मारी होतं हे त्याला दुपारी कळलं, ती परत आली तेव्हा. नाव तेवढं तिने सांगितलं. तिने त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि दुसऱ्या चाकापाशी ठोकायला बसली. दोघांनी मिळून एक दार मोकळं केलं. काझिसने केटलीभर उकळतं पाणी आणून चाकावर ओतलं. ते वाफाळलं आणि बघता बघता गोठून चाकाभोवतीची चकती आणखी जाड झाली. ओना खिडकीतून सगळं पाहत होती. तिने कपाळाला हात लावलेला काझिसला दिसला.

"राहू दे," अंधारायला लागल्यावर तो योस्मारीला म्हणाला. "ही आता मार्चमध्येच निघेल."

गल्लीत दुसरी मोकळी जागा एकच होती आणि तिचा मालक डूलिंग. काझिस त्याच्या पायऱ्या चढला. वाटेत त्याने वाक्य तयार केलं होतं: टॉम, उद्या सकाळी आणि संध्याकाळी, थोडाच वेळ. डूलिंगने दार उघडलं, त्याला आत ओढलं, खुर्चीत बसवलं.

"पाहिलंस? आरसा! इतक्या वर्षांत हात विसरलेला नाही. शिकली असेल ना ती आता?"

"तिला माहीत नव्हतं, टॉम. ती नवीन आहे."

"आता माहीत झालं. माझा पोरगा इथेच जन्मला, त्यालाही माहीत नाही. नाताळात आला, म्हणतो बाबा, जरा तुमची जागा द्या. म्हटलं, पलीकडच्या गल्लीत लाव आणि चालत ये." डूलिंग थांबला. "पेगने शेवटचे कपडे त्या टेबलावर इस्त्री केले. माझे सदरे. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, आठवडाभर पुरतील. दुसऱ्या कुणाच्या गाडीसाठी ते टेबल हलवायचं म्हणजे... तू समजतोस. तुला सांगायला नको."

"नको," काझिस म्हणाला. तो थोडा वेळ बसला, हवामानाबद्दल बोलला आणि घरी आला.

"विचारलंस?" ओनाने विचारलं.

"तो पेगबद्दल बोलत होता."

"म्हणजे नाही विचारलंस."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. श्वास घेताना तिच्या छातीत बारीक घरघर होत होती. काझिस ती ऐकत राहिला.

गुरुवारी सकाळी तो लवकर उठला आणि फूटपाथवर जाऊन उभा राहिला. काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. डूलिंगची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो रोज सकाळी पलीकडच्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायचा. त्याने गाडी बाहेर काढली, इस्त्रीचं टेबल आणून जागेत उभं केलं, फुलांचं कापड सारखं केलं, काझिसला हात केला आणि गेला. हात करताना तो हसला. गुरुवार त्याच्या लक्षात नसावा, किंवा असला तरी ती गोठलेली गाडी आणि तो गुरुवार यांची त्याच्या मनात गाठ पडली नसावी.

ओटिसची गाडी वळणावर आली. काझिस चालायला लागला. गोठलेल्या पाण्यावरून कुंपण धरत, पाऊल पाऊल टाकत तो डूलिंगच्या जागेपाशी पोचला. टेबल वाटलं होतं त्याहून हलकं होतं. त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, डूलिंगच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवलं, दाराकडे तोंड करून. मग रस्त्यात जाऊन त्याने ओटिसला हात दाखवला.

ओटिसने काच खाली केली. "ही मिस्टर डूलिंगची जागा आहे ना?"

"आहे."

"त्यांनी दिली?"

"लाव तू, ओटिस."

गाडी लागली, फळी खाली आली. पण फाटकापासून तिथपर्यंतचा फूटपाथ म्हणजे काच होती. व्हीलचेअर दोनदा घसरून वाकडी फिरली, तिसऱ्यांदा ओनाच म्हणाली, "पुरे." ओटिसने घड्याळ पाहिलं. योस्मारी कामावर निघाली होती, ती थांबली. तिने पायरीवरून ती ओकची खुर्ची उचलली आणि सरळ फाटकात आणून ठेवली.

"हिच्यात बसवा," ती म्हणाली. "चाकं घसरतात. पाय घसरत नाहीत."

"तुझे कालपासून घसरताहेत," ओना म्हणाली, पण ती बसली.

ओटिसने क्षणभर आकाशाकडे पाहिलं. "मी हे केलं नाही," तो म्हणाला आणि त्याने एक बाजू धरली. योस्मारीने पाठ धरली. काझिस दुसऱ्या बाजूला वाकला.

"तू नको," ओना म्हणाली. "मागे पाडलं होतंस."

"ओना, आता कोण..."

तेवढ्यात एक गाडी त्यांच्याशेजारी रस्त्यात येऊन थांबली. डूलिंग चष्मा विसरला होता म्हणून अर्ध्या वाटेवरून परतला होता. तो उतरला. आपल्या जागेत उभी असलेली मोठी गाडी त्याने पाहिली, मग पायरीवरचं टेबल पाहिलं. मागची एक गाडी भोंगा वाजवायला लागली. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"टेबल कुणी उचललं?"

"मी," काझिस म्हणाला.

"तू?"

"काल विचारायला आलो होतो. जमलं नाही."

डूलिंग निळ्या गाडीकडे बघत राहिला. मग फूटपाथवरच्या बर्फाकडे, मग खुर्चीत ब्लँकेट गुंडाळून बसलेल्या ओनाकडे. त्याच्या ध्यानात आलं हे त्याच्या मानेवरून कळलं. ती हळूहळू खाली गेली.

"आज रात्री पुन्हा कडक थंडी आहे म्हणतात," शेवटी तो म्हणाला. "माझ्या पाइपापासून सांभाळून राहा, काझ."

"माझ्याकडे गाडी नाही, टॉम."

"घरावर ओतीन."

"टॉम डूलिंग," ओना म्हणाली, "गप्पा नंतर मार. माझे पाय गारठले."

तो नव्या हाडावर लंगडत आला आणि काझिसला कोपराने बाजूला सारून त्याने दुसरी बाजू धरली. "मी जळत्या घरांतून तुझ्या दुप्पट बायका उचलून आणल्यात," तो म्हणाला, आणि कण्हला.

खुर्ची वर गेली. ओनाने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या. तिघं तिला घेऊन काचेवरून बोटाबोटाने सरकत होते, आणि काझिस मागून तिची पर्स, ब्लँकेटचं लोंबतं टोक आणि रिकामी व्हीलचेअर सांभाळत चालला होता.

"कितवी वेळ झाली?" ओनाने मान न वळवता विचारलं.

"पहिलीच."

"मग अजून पुष्कळ राहिल्यात."

"आज एवढ्यावरच भागवा," ओटिस म्हणाला.

फळीपाशी तिला व्हीलचेअरवर घेतलं. योस्मारी तळहात चोळत बसकडे धावली. काझिसने तिला हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणायचं ते ठरायच्या आत ती कोपऱ्यावरून वळली.

"आम्ही परत येऊ तेव्हा जागा..." काझिस डूलिंगला म्हणाला, आणि अडकला. तेच वाक्य पुन्हा अर्ध्यावर थांबलं.

"जा रे," डूलिंग म्हणाला. "मागचा तो गाढव भोंगा वाजवून मरेल."

काझिस गाडीत चढला आणि ओनाशेजारच्या आसनात कोसळला. पट्टा लावायचा त्याने प्रयत्न केला, खाच सापडेना. ओनाने तो लावून दिला. गाडी हलली. ओना मागच्या काचेतून बघत होती.

"काझ, बघ."

"काय?"

"तो गाडी त्याच्या जागेत लावत नाहीये. टेबल आणतोय खाली. आणि आपली खुर्ची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवतोय. वेडा, खुर्ची कुठल्या बाजूला तोंड करून ठेवावी ते त्याला ठरवता येत नाहीये. बघ ना."

काझिसला मान वळवायची होती. पण मानेने ऐकलं नाही, आणि डोळेही आता उघडण्यासारखे राहिले नव्हते.

"सांग तू," तो म्हणाला. "मी ऐकतोय."